देवाखालची पाकिटं

“मला नका विचारू बाबांनो. मी हात लावला की घर जातं.”

सिंककडे तोंड करून, पुटपुटल्यासारखं आई बाळकृष्णाला म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवरून चिंचेचा बोळा फिरवायला लागल्या. गाऱ्हाणं तिथेच थांबलं नाही. “बांधा म्हणावं पुन्हा गाठोडं. भाडेकरूसुद्धा इतक्यांदा सामान हलवत नाहीत, तुम्ही तर देव.”

त्यांची सून मालिनी हातभर अंतरावर घेवडा मोडत उभी होती. तिला शब्द न् शब्द ऐकू आला. तिनं हातातल्या शेंगेची शीर टोकापर्यंत ओढली, बाजूला टाकली आणि पुढची शेंग उचलली. तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत कुणी शिंकलं तरी सगळ्यांना कळायचं. त्यामुळे न ऐकण्यात तिघंही तरबेज झाले होते.

टेबलाशी बसलेल्या उल्हासनं दुपारच्या कुरिअरनं आलेलं बँकेचं पाकीट हातात घेतलं. तो कधी पाकीट वरून फाडत नसे. गाडीची किल्ली आखूड बाजूच्या फटीत घालायची आणि एका झटक्यात ती कड कापून काढायची. मग ते विजेचं बिल असो नाहीतर लग्नाची पत्रिका. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्यानं दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं पाकीट उघडलेलं मालिनीच्या पाहण्यात नव्हतं.

“काय म्हणतायत?” तिनं विचारलं.

“तेच. नुसतं ‘आर्थिक अडचण’ चालणार नाही, कारण लिहा.”

“लिहिलं होतं की, नोकरी गेली होती म्हणून.”

“ते कळलंय त्यांना. आता हे काढलंय.” त्यानं एक झेरॉक्स तिच्याकडे सरकवली आणि चष्मा काढून डोळे चोळले.

मालिनीनं हात पुसले. कागदावर रजिस्टर्ड पत्रांच्या तीन पोचपावत्या होत्या. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर २००१. तिन्हींवर सही एकाच हाताची, रेषेला लटकलेली, वळणदार, मराठी शाळेत गिरवून गिरवून कमावलेली: अहिल्या जगन्नाथ सोमण. शेजारी बँकेतल्या कुणीतरी पेन्सिलीनं गोल करून प्रश्नचिन्ह काढलं होतं. ही कसली रेघोट्या मारलेली सही, असं त्यांना पडलेलं कोडं असावं. मालिनीला त्या प्रश्नचिन्हाचाच आधी राग आला. नाव आहे ते, म्हणावं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचं.

सिंकचा नळ बंद झाला. आईंनी बाळकृष्णाला पंचावर पालथं घातलं आणि अन्नपूर्णा घेतली.

त्या पावत्या इतक्या वर्षांनी या माणसांच्या हाती लागल्या कशा, हाही एक किस्साच होता. ज्या बँकेनं तेव्हा घर काढून घेतलं, तिला पुढं एका मोठ्या बँकेनं गिळलं. त्या मोठीला आणखी मोठीनं. आणि आता सहा वर्षांनी, पै पै करून पुन्हा उभं राहून, नवीन घरासाठी कर्ज मागायला जावं तर दारात कोण? तीच, नाव बदलून बसलेली. शिवाय तिला आपलं काहीच आठवत नाही असंही नाही. माणसांची घरं जातात, भांडी जातात, मुलीची पियानोची शिकवणी जाते. बँकेच्या तळघरातली फाईल तेवढी जात नाही.

फोन वाजला. रुचा होती. मराठी मंडळातल्या कुलकर्ण्यांची सून, चार वर्षांपूर्वी घरं विकायचं लायसन्स काढलं होतं तिनं. वेस्ट विंडसरमधलं टाउनहाऊस तिनंच शोधून दिलं होतं.

“काकू, पाचपर्यंत ते लेटर गेलंच पाहिजे हं. आज मुदत संपतेय. सेलरकडे दुसरी ऑफर आहे, ते एक दिवसही थांबायचे नाहीत. कर्ज तपासणारा अंडररायटर बाकी सगळ्याला ओके आहे, फक्त तुमचा तो... पास्ट इश्यू आहे ना, तेवढाच क्लिअर करायचाय.”

“करतोय,” मालिनी म्हणाली.

पास्ट इश्यू. मंडळात म्हणायचे, ‘सोमणांनी डाऊनसाइझ केलं.’ उल्हास म्हणायचा, ‘ते दोन हजार दोनचं.’ बॉस्टनला शिकणाऱ्या स्वानंदीला काल फोनवर विचारलं तर ती म्हणाली, “मॉम, जस्ट से इट वॉज द इकॉनॉमी. एव्हरीबडी डज.” जप्ती हा शब्द या घरात अजून कुणी उच्चारला नव्हता. गणपतीला हायस्कूलच्या हॉलवर जायचं तर जुन्या घराच्या गल्लीतून सात मिनिटं लागतात. दरवर्षी उल्हास तळ्याला वळसा घालून अठरा मिनिटांनी नेई. एवढं लांबून का, असं मागच्या सीटवरून कुणी विचारलं नव्हतं, आणि मालिनी त्या वेळी नेमकी पर्समध्ये काहीतरी शोधत असे.

नव्या घरात मोठं असं काही नव्हतं. तीन खोल्या, चिमुकलं अंगण, भिंतीला भिंत लावून शेजार. पण तळमजल्यावर एक बेडरूम होती. रुचानं घर दाखवलं तेव्हा उल्हास बॉयलर बघत होता आणि मालिनी पुढच्या दाराची पायरी पावलानं मोजत होती. एकच होती, वीतभर उंचीची. इथे मात्र बेचाळीस होत्या आणि लिफ्ट नव्हती. दिवाळीत डॉक्टरकडून आल्यापासून आई खाली उतरल्याच नव्हत्या. बाहेरचं जग म्हणजे खिडकीतून दिसणारं पार्किंग लॉट आणि त्यातला काळा पडलेला बर्फ. त्या कधी कुरकुरल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या होत्या, “अगं, माती कशी असते तेच विसरायला झालंय.” तेव्हापासून मालिनीला ते घर हवंच होतं. ज्या डेकेअरमध्ये ती काम करायची तिथे मुलं झोपली की ती त्या खोलीत आईंचा पलंग कुठे लावायचा याचा विचार करायची. खिडकीशी. उशी पूर्वेला.

उल्हास लॅपटॉपवर टाईप करत होता. थांबत होता, खोडत होता, पुन्हा टाईप करत होता. चार वाजायला दहा कमी असताना प्रिंटरनं घरघर केली.

“हे बघ,” तो आवाज उतरवून म्हणाला. “मला वाटतं हे चालेल. पण खाली आईची सही लागेल. तू सांग तिला समजावून. तुझं ऐकते ती.”

मालिनीनं वाचलं. इंग्रजी छान होतं, उल्हासचं नेहमीच असे. लिहिलं होतं की, माझ्या आईचं वय तेव्हा बहात्तर होतं. तिला इंग्रजी येत नाही. बँकेची पत्रं तिनं घेतली आणि आमच्या धार्मिक रिवाजाप्रमाणे देव्हाऱ्यात ठेवून दिली. आम्हाला ती घर रिकामं करताना, म्हणजे फार उशिरा सापडली. त्यामुळे बँकेनं देऊ केलेल्या सवलतीला आम्हाला उत्तर देता आलं नाही. खाली रेघ होती आणि रेघेखाली आईंचं नाव, इंग्रजीत.

तिनं ते दुसऱ्यांदा वाचलं. मग कागद टेबलावर ठेवला, अगदी हलकेच, नाहीतर तो फाटला असता.

“हे लिहायला काही वाटलं नाही का, अहो?”

आईंसमोर ती त्याला अहो म्हणायची. एकट्यात उल्हास. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तसं ठरलं होतं आणि आजवर मोडलं नव्हतं.

“खोटं आहे का यात काही?” तो म्हणाला. “तिनंच ठेवली होती ना? तूच काढलीस ती.”

“मीच काढली.”

“मग? म्हातारी बाई, भाषा येत नाही, देवभोळी. कुणालाही पटेल. बँकेतली ती डोना म्हणाली, माणुसकीचं काही कारण असेल तर अंडररायटर बघतो.” त्यानं घड्याळाकडे पाहिलं. “आणि हे सगळं कुणासाठी चाललंय? तिच्याच खोलीसाठी ना?”

मालिनीच्या कानशिलाशी काहीतरी तडतडायला लागलं. तिच्या खोलीसाठी तिलाच उभी करायची कठड्यात. वा रे वा.

जुन्या घरी पॅन्ट्रीचा मधला कप्पा देवांचा होता. वर डाळी, खाली पिठाचे डबे, मधे देव. महत्त्वाचा कागद आला की आधी तो देवांच्या पाटाखाली जायचा, त्यावर हळदकुंकू, मग पुढचं काय ते. पद्धत आईंचीच, पण मोडली कुणीच नव्हती. स्वानंदीची शाळेची प्रवेशपत्रं, पासपोर्ट, सगळं त्या पाटाखालून गेलेलं. ग्रीन कार्डाची पत्रं एकवीस दिवस होती आणि बाविसाव्या दिवशी मंजुरी आली, तेव्हा उल्हासनं स्वतः पेढे आणले होते. “देवाखाली ठेवलं की होतं गं काम,” तो फोनवर मित्रालाही सांगत होता, हसत, पण सांगत होता. मग टेलिफोन कंपनीनं एका मंगळवारी अकराशे माणसं काढली, त्यात तो. आणि पोस्टमन दुपारी सह्या मागायला यायला लागला तेव्हा घरी एकट्या आई असायच्या. मालिनी डेकेअरमध्ये. उल्हास मुलाखतींना, किंवा मुलाखती नसल्या की नुसताच बाहेर. जाडसर पाकीट, सही करून घ्यायचं म्हणजे मोठंच काम असणार. आईंनी त्या पत्रांना त्यांना ठाऊक असलेला सगळ्यात मोठा मान दिला होता.

घर सोडायच्या दिवशी मालिनीनं पाट उचलला तेव्हा खाली तीन पाकिटं होती, कुंकवासकट. त्या वेळी तिच्या तोंडून एवढंच निघालं होतं, “आई, हे काय हो!” बस्स. चार शब्द. त्यानंतर त्या विषयावर कुणीही काही बोललं नाही. पण आईंनी त्या दिवसापासून टपालाला हात लावला नाही. दाराची बेल वाजली की त्या आतल्या खोलीत जात. फोन वाजून वाजून बंद पडला तरी उचलत नसत. भाचीची लग्नपत्रिका आली, आई मालिनी येईपर्यंत तीन तास तिच्याकडे लांबून बघत बसल्या होत्या.

तीनपैकी दोन पाकिटं मालिनीनं तेव्हाच टाकून दिली. तिसरं टाकलं नाही. ते तिच्या शालूच्या घडीत होतं. दरवर्षी साड्यांना ऊन दाखवताना ती ते बाहेर काढायची, जरा वेळ मांडीवर ठेवायची आणि पुन्हा घडीत घालायची.

“सांगतेस ना?” उल्हास म्हणाला. “चार वाजून गेले. लायब्ररीत फॅक्सला रांग असते शुक्रवारी.”

“आई, जरा बसता का इथे,” मालिनी म्हणाली.

आई पदराला हात पुसत आल्या. खुर्चीचा हात धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा, अशा बसल्या. देव पंचावर ओळीनं पालथे पडले होते, उन्हाळ्यात गच्चीवर निजलेल्या माणसांसारखे.

मालिनीनं वाचायला सुरुवात केली. एक एक वाक्य मराठीत करून सांगत होती. “माझ्या आईचं वय तेव्हा बहात्तर होतं.”

“होतं,” आई म्हणाल्या.

“तिला इंग्रजी येत नाही.”

“नाहीच येत. एवढी वर्षं राहून थँक्यू नि सॉरी.”

“बँकेची पत्रं तिनं...” मालिनी थांबली. तिला डेकेअरमधला तो लहान मुलगा आठवला, दुसऱ्यानं सांडलेल्या दुधासाठी जो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला होता, कुणी सांगितलंही नसताना. “...तिनं देव्हाऱ्यात ठेवली.”

आईंनी मान हलवली. उल्हासकडे त्यांनी पाहिलं नाही. तो लॅपटॉपचं झाकण उघडत मिटत होता.

“ठेवली होती की,” त्या म्हणाल्या. “खरंच आहे ते. आणि यानं ती खालची खोली मिळते?”

“मिळेल बहुतेक,” उल्हास पटकन म्हणाला. “नुसती फॉर्मॅलिटी आहे गं आई. तुझ्यावर काही येत नाही.”

“माझ्यावर आणखी काय यायचंय बाबा.” त्यांनी चष्मा लावला. “आण पेन. इंग्रजीत करू का आपली?”

“आपलीच कर. त्यांच्याकडे तशीच आहे.”

त्यानं पेनचं टोपण काढून ते आईंच्या हातात दिलं, रेघेवर बोट ठेवलं. लहान मुलाला गिरवायला शिकवावं तसं. मालिनी त्या बोटाकडे बघत होती. मग ती उठली आणि बेडरूममध्ये गेली.

तिनं कपाटाच्या वरून बॅग ओढली. वरच्या साड्या पलंगावर पडल्या, त्या तिनं उचलल्या नाहीत. शालूच्या घडीतून पाकीट काढलं. खरं तर हे तिनं सहा वर्षांपूर्वीच करायचं होतं. ट्रकमध्ये सामान चढत होतं तेव्हा, अंगणात उभं राहून तिनं हे पाकीट नीट पाहिलं होतं, बघायचं ते दिसलं होतं, आणि ‘आई, हे काय हो’ हे तोंडून गेलेलं वाक्य ती परत घेऊ शकली असती. तेव्हा तिला वाटलं होतं, नवऱ्याची नोकरी गेलीय, घर गेलंय, आता आणखी काय काय काढून घ्यायचं त्याच्याकडून. मोठी शहाणी. त्याच्याकडून घेतलं नाही आणि म्हातारीकडून सगळं घेतलं.

ती बाहेर आली. आईंचं पेन कागदाला टेकलं होतं, ‘अ’चा पहिला गोल झाला होता. मालिनीनं पाकीट त्या कागदावर ठेवलं, सहीच्या रेघेवरच.

पाकिटाची आखूड कड कापलेली होती. सरळ, एका झटक्यात कापावी तशी.

उल्हासनं पाकिटाकडे पाहिलं. टेबलावर, त्याच्या हाताशी, दुपारचं पाकीट तसंच पडलेलं होतं, त्याचीही आखूड कड कापलेली आणि शेजारी किल्ली. त्यानं ती किल्ली उचलली आणि खिशात घातली, जणू त्यानं काही होणार होतं.

“हे कुठून...” तो म्हणाला.

आईंनी पाकीट जवळ घेतलं, चष्म्यातून न्याहाळलं. त्यावर फिकट झालेला कुंकवाचा एक डाग होता, थोडा फासटलेला, आणि त्याच्यावरच दुसरा, ठसठशीत.

“याला मी दोनदा लावलं होतं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “एक दिवस बघते तर पुसलेलं. पाकीट हललेलं. म्हटलं, बघितलंन वाटतं यानं. आता करील काहीतरी. म्हणून पुन्हा लावलं.”

मालिनीनं खुर्चीची पाठ धरली. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आई?”

“सही कुठे करायची ते सांग. उशीर होतोय त्याला.”

“सहा वर्षं तुम्ही टपालाला हात लावला नाहीत! मी तुम्हाला म्हटलं, हे काय हो म्हणून, तेव्हा तरी...”

“नोकरी गेलेली त्याची,” आई म्हणाल्या. तेवढ्यात सगळं आलं अशा सुरात. त्यांनी पाकीट बाजूला केलं आणि अर्ध्या राहिलेल्या ‘अ’वर पेन ठेवलं.

मालिनीनं तो कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला. पेनची रेघ टेबलावर उमटली.

“मालिनी, प्लीज यार,” उल्हास म्हणाला. “आत्ता नको. हे जाऊ दे, घर होऊ दे, मग मी... खरं लिहिलं तर लोन जाईल, कळतंय का तुला? ती खोली जाईल.”

“कळतंय.”

“मग आण ते इकडे.”

“उल्हास,” ती म्हणाली.

आईंनी मान वर केली. त्यांच्यासमोर हे नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. मालिनीच्याही ते लक्षात आलं, पण तिनं ते परत घेतलं नाही.

“ही सही तुला हवी तर मी देईन तुला हा कागद. फॅक्सही मीच करून येईन, रांगेत उभी राहीन. पण आधी यांच्याकडे बघून सांग. बँकेला नको सांगूस. मलाही नको. यांना सांग. मी तुझ्या वतीनं गप्प बसायचं तेवढं बसले. बोलायचं मात्र मी नाही तुझ्या वतीनं.”

खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी बर्फात चाकं फिरवत अडकली होती. घरघर वाढली, थांबली, पुन्हा वाढली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून अठ्ठावीस झाले. उल्हासनं चष्मा काढला, लावला. पाकिटातून बाहेर डोकावणारा पिवळट कागद त्यानं बोटानं आत ढकलला. मग तो खुर्ची सरकवून आईंसमोर आला आणि त्यांच्याकडे बघायच्या ऐवजी त्यांच्या हाताकडे बघत राहिला. चिंचेनं सुरकुतलेली बोटं, नखांत अडकलेला काळा मळ, त्यात अजून धरून ठेवलेलं पेन.

“पुरे गं, सोड त्याला,” आई मालिनीला म्हणाल्या.

मालिनी हलली नाही.

“मी वाचलं होतं, आई,” उल्हास म्हणाला. आवाज इतका खाली होता की आईंना पुढे वाकावं लागलं. “पूर्ण वाचलं होतं. घर राहिलं असतं. त्यांना नुसता एक फोन करायचा होता.”